ग्योटिंगन

ग्योटिंगन (मराठीत गॉटिंगेन असेही लिहिले जाते) हे जर्मनीच्या नीडरझाक्सन राज्याच्या दक्षिण भागातील एक मध्यम आकाराचे शहर आहे. लाइने नदीच्या काठी वसलेले हे शहर ग्योटिंगन जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असून त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे. इ.स. १७३७ मध्ये विधिवत स्थापन झालेल्या गेओर्ग-आउगुस्ट विद्यापीठामुळे ग्योटिंगनचे नाव जगभर परिचित आहे. गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस, बेर्नहार्ड रीमान, डाविड हिल्बर्ट व एमी नोएटर, भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न आणि लोककथांचे संग्राहक ग्रिम बंधू ह्यांची ही कर्मभूमी होय.

शहराच्या आधुनिक इतिहासात विद्या आणि राज्यसत्ता ह्यांचा संघर्ष दोन वेळा तीव्रतेने झाला. इ.स. १८३७ मध्ये राजाने सात प्राध्यापकांना बडतर्फ केले, तर इ.स. १९३३ मध्ये नाझी राजवटीने ज्यू व विरोधी मतांच्या अध्यापकांना घालवून दिले. पहिल्या आघातातून विद्यापीठ काही दशकांत सावरले. दुसऱ्या आघाताने मात्र जागतिक गणिताचे केंद्र ह्या शहरातून कायमचे हलले.

नाव

इ.स. ९५३ मध्ये राजा पहिला ओटो ह्याने माग्डेबुर्ग येथील मठाला दिलेल्या एका दानपत्रात ‘गुटिंगी’ ह्या खेड्याचा उल्लेख आढळतो. ग्योटिंगनचा हा सर्वांत जुना लिखित उल्लेख होय. हे खेडे आजच्या सेंट अल्बानी चर्चच्या परिसरात होते. जवळून वाहणाऱ्या गोटे नावाच्या ओढ्यावरून गावाला हे नाव पडले असे मानले जाते.

भूगोल

ग्योटिंगन समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटर उंचीवर, लाइने नदीच्या रुंद खोऱ्यात वसले आहे. शहराच्या पूर्वेस ग्योटिंगनचे अरण्य ह्या नावाने ओळखला जाणारा चुनखडीच्या डोंगरांचा वनप्रदेश आहे. ईशान्येस हार्ट्स पर्वतरांग असून उत्तरेस हानोफर आणि नैर्ऋत्येस हेसेन राज्यातील कासल ही मोठी शहरे आहेत. जर्मनीच्या फाळणीच्या काळात पूर्व जर्मनीची सीमा शहरापासून अगदी जवळ होती. त्यामुळे पश्चिम जर्मनीच्या मध्यावर नसून कडेवर असलेले शहर असे त्याचे स्थान चार दशके राहिले. इ.स. १९९० च्या एकीकरणानंतर ते पुन्हा देशाच्या मध्यभागी आले.

इतिहास

मध्ययुग

गुटिंगी खेड्याच्या पश्चिमेस, नदीपलीकडे, ग्रोना येथे राजवाडा होता. दहाव्या व अकराव्या शतकांत जर्मन राजांचा तेथे वारंवार मुक्काम पडे. सम्राट दुसरा हाइनरिश ह्याचा मृत्यू इ.स. १०२४ मध्ये ग्रोना येथेच झाला. आजचे शहर मात्र ह्या राजवाड्याभोवती किंवा जुन्या खेड्यातून वाढलेले नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्याच्या वायव्येस बाजारपेठेची नवी वसाहत आखण्यात आली आणि तिच्याभोवती पुढे तट उभा राहिला.

लोकर व कापड हे शहराच्या समृद्धीचे मुख्य साधन होते. इ.स. १३५१ पासून ग्योटिंगनचा हान्सा ह्या उत्तर जर्मन व्यापारी संघाशी संबंध आला आणि तो इ.स. १५७२ पर्यंत टिकला. शहर नाममात्र वेल्फ घराण्यातील सरदारांच्या अधिपत्याखाली होते, परंतु श्रीमंत नागरिकांनी हळूहळू बरेचसे अधिकार आपल्या हाती घेतले. इ.स. १३८७ मध्ये सरदार ओटो ह्याच्याशी उघड संघर्ष झाला. नागरिकांनी शहरातील त्याचा किल्ला काबीज केला व त्याच्या सैन्याचा पराभव केला. त्यानंतर ग्योटिंगनच्या नगरपरिषदेला दीर्घकाळ जवळजवळ स्वायत्तता लाभली.

इ.स. १५२९ मध्ये धर्मसुधारणेची चळवळ शहरात पोहोचली. तिचा पुढाकार नगरपरिषदेतील धनिकांनी नव्हे, तर विणकर व इतर कारागिरांनी घेतला होता. तीस वर्षांच्या युद्धात शहराची मोठी हानी झाली. इ.स. १६२६ मध्ये सेनापती टिली ह्याने वेढा घालून ते जिंकले. युद्ध संपले तेव्हा कापडाचा व्यापार खालावला होता आणि लोकसंख्या घटली होती. एकेकाळचे हे व्यापारी शहर पुढील शतकभर सामान्य गावासारखे राहिले. विद्यापीठाच्या स्थापनेने त्याला नवे जीवन मिळाले.

विद्यापीठाची स्थापना

इ.स. १७१४ पासून हानोफरचा शासक हाच ग्रेट ब्रिटनचाही राजा होता. राजा दुसरा जॉर्ज ह्याच्या काळात हानोफर राज्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापण्याचे ठरले. इ.स. १७३४ मध्ये ग्योटिंगनमध्ये अध्यापन सुरू झाले आणि १७ सप्टेंबर १७३७ रोजी विद्यापीठाचे औपचारिक उद्घाटन झाले. राजाच्या नावावरून त्याला ‘गेओर्गिया आउगुस्टा’ असे लॅटिन नाव देण्यात आले.

विद्यापीठाचा खरा शिल्पकार हानोफरचा मंत्री गेर्लाख आडोल्फ फोन म्युन्शहाउझेन हा होता. त्या काळी बहुतेक विद्यापीठांत धर्मशास्त्र विभाग सर्वश्रेष्ठ मानला जाई आणि इतर विषयांतील ग्रंथ व मते तपासण्याचा अधिकार त्याच्याकडे असे. म्युन्शहाउझेनने हा अधिकार ग्योटिंगनच्या धर्मशास्त्र विभागाला दिला नाही. अध्यापकाला आपल्या विषयात स्वतंत्रपणे शिकवता व लिहिता यावे, हे तत्त्व येथे आरंभापासून स्वीकारले गेले. ग्रंथालयासाठी नियमित निधी ठेवून पद्धतशीर खरेदी करण्यात आली आणि विद्यार्थ्यांना पुस्तके घरी नेण्याची मुभा मिळाली. ग्रंथ हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, ही कल्पना त्या काळात नवी होती.

वैद्यक व वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आल्ब्रेश्ट फोन हालर ह्याने इ.स. १७३६ मध्ये वनस्पती उद्यान उभारले. इ.स. १७३९ मध्ये सुरू झालेले ग्रंथसमीक्षेचे नियतकालिक आजही प्रकाशित होते. इ.स. १७५१ मध्ये विज्ञान अकादमीची स्थापना झाली. प्रयोगशील भौतिकशास्त्रज्ञ आणि मार्मिक सूत्रलेखक गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबेर्ग ह्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे अध्यापन केले. कवी हाइनरिश हाइने येथे कायद्याचा विद्यार्थी होता. द्वंद्वयुद्धाच्या प्रकरणामुळे इ.स. १८२१ मध्ये त्याला काही काळासाठी विद्यापीठातून काढण्यात आले, परंतु इ.स. १८२५ मध्ये त्याने येथूनच पदवी मिळवली. पुढे आपल्या हार्ट्स पर्वताच्या प्रवासवर्णनात त्याने ह्या शहराची व तेथील पंडितांची यथेच्छ थट्टा केली.

गाउस आणि तारायंत्र

कार्ल फ्रीडरिश गाउस इ.स. १८०७ मध्ये ग्योटिंगनच्या वेधशाळेचा संचालक झाला आणि इ.स. १८५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ह्याच शहरात राहिला. अंकशास्त्र, खगोलशास्त्र, भूमापन आणि चुंबकत्व ह्या सर्व क्षेत्रांत त्याने मूलभूत कार्य केले. इ.स. १८३३ मध्ये गाउस आणि तरुण भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर ह्यांनी वेधशाळा आणि शहरातील भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा ह्यांच्या दरम्यान घरांच्या छपरांवरून व सेंट योहानिस चर्चच्या मनोऱ्यावरून सुमारे एक किलोमीटर लांबीची तार नेली. ह्या तारेतून विजेच्या साहाय्याने संदेश पाठवण्यात त्यांना यश आले. विद्युत तारायंत्राचा हा अगदी आरंभीचा यशस्वी प्रयोग मानला जातो. वेधशाळा व प्रयोगशाळा ह्यांतील कामासाठी ही तार अनेक वर्षे वापरात होती. इ.स. १८४५ मध्ये वीज पडून ती नष्ट झाली.

ग्योटिंगनचे सप्तक

इ.स. १८३७ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा विल्यम मरण पावला. ब्रिटनची गादी त्याची पुतणी व्हिक्टोरिया हिच्याकडे गेली, परंतु हानोफरच्या वारसाहक्काच्या नियमानुसार तेथे स्त्रीला गादी मिळू शकत नव्हती. त्यामुळे व्हिक्टोरियाचा चुलता एर्न्स्ट आउगुस्ट हा हानोफरचा राजा झाला आणि दोन्ही राज्यांचा सव्वाशे वर्षांचा संबंध तुटला. नव्या राजाने इ.स. १८३३ ची तुलनेने उदार राज्यघटना रद्द केली.

विद्यापीठातील प्राध्यापक राज्याचे सेवक होते आणि त्यांनी त्या घटनेशी निष्ठेची शपथ घेतली होती. १८ नोव्हेंबर १८३७ रोजी सात प्राध्यापकांनी लेखी निषेध नोंदवला. एका राजाच्या इच्छेखातर आपली शपथ मोडता येत नाही आणि शपथ मोडणारा शिक्षक विद्यार्थ्यांपुढे आदराने उभा राहू शकत नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. इतिहासकार फ्रीडरिश क्रिस्टोफ डालमान, कायदेपंडित विल्हेल्म एडुआर्ड आल्ब्रेश्ट, भाषाभ्यासक याकोब ग्रिम व विल्हेल्म ग्रिम, साहित्येतिहासकार गेओर्ग गोटफ्रीड गेर्विनुस, पौर्वात्य भाषांचे अभ्यासक हाइनरिश एवाल्ड आणि गाउसचा सहकारी विल्हेल्म वेबर हे ते सात जण होत. एवाल्ड हा गाउसचा जावई होता. गाउसने स्वतः मात्र निवेदनावर सही केली नाही.

डिसेंबर महिन्यात राजाने सातही जणांना बडतर्फ केले. डालमान, याकोब ग्रिम आणि गेर्विनुस ह्यांना तीन दिवसांत राज्य सोडून जाण्याचा हुकूम झाला. विद्यार्थ्यांनी त्यांना सीमेपलीकडे हेसेनमधील विट्सेनहाउझेनपर्यंत निरोप दिला. विद्यार्थ्यांनी निवेदनाच्या प्रती हाताने उतरवून काढल्या आणि त्या जर्मनीभर पसरल्या. राजकीय दृष्ट्या हा निषेध तत्काळ यशस्वी झाला नाही. परंतु अध्यापकाची निष्ठा व्यक्तीशी नसून कायद्याशी असते, ह्या विचाराचे प्रतीक म्हणून हे सप्तक पुढील पिढ्यांच्या स्मरणात राहिले. इ.स. १८४८ च्या क्रांतीनंतर एवाल्ड व वेबर पुन्हा ग्योटिंगनमध्ये परतले. ग्रिम बंधू बर्लिनला गेले आणि त्यांनी तेथे जर्मन भाषेच्या विशाल शब्दकोशाचे काम चालवले.

इ.स. १८६६ मध्ये प्रशियाने हानोफर राज्य जिंकून आपल्या प्रदेशात विलीन केले. त्याबरोबर ग्योटिंगनही प्रशियाचे शहर झाले.

गणित व भौतिकशास्त्राचे केंद्र

गाउसनंतर त्याच्या जागी पेटर गुस्टाव लेज्यून डिरिश्ले आणि त्याच्यानंतर बेर्नहार्ड रीमान हे गणिताचे प्राध्यापक झाले. इ.स. १८८६ मध्ये फेलिक्स क्लाइन येथे आला. त्याने शासन व उद्योगपती ह्यांच्याकडून निधी मिळवून गणित आणि उपयोजित विज्ञान ह्यांच्या संस्था उभ्या केल्या. त्याच्या प्रयत्नाने इ.स. १८९५ मध्ये डाविड हिल्बर्ट आणि इ.स. १९०२ मध्ये हेर्मान मिंकोव्स्की ग्योटिंगनमध्ये आले. लुडविग प्रांटलने द्रव व वायूंच्या प्रवाहाच्या अभ्यासाची आधुनिक पायाभरणी येथेच केली. इ.स. १९२१ मध्ये माक्स बोर्न आणि जेम्स फ्रांक ह्यांची नेमणूक झाल्यावर ग्योटिंगन अणुभौतिकीचेही केंद्र बनले. इ.स. १९२५ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग, माक्स बोर्न आणि पास्कुआल योर्डान ह्यांनी पुंज यांत्रिकीची पहिली सुसंगत मांडणी येथे केली. पुढे अमेरिकी अणुबाँब प्रकल्पाचा शास्त्रीय प्रमुख झालेला रॉबर्ट ओपेनहायमर ह्याने इ.स. १९२७ मध्ये बोर्नच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. इ.स. १९२९ मध्ये अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने गणित संस्थेची नवी इमारत उभी राहिली.

स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासातही ग्योटिंगनला महत्त्वाचे स्थान आहे. इ.स. १७८७ मध्ये डोरोथेआ श्ल्योत्सर हिला येथे डॉक्टरेट मिळाली, परंतु अविवाहित स्त्री म्हणून तिला पदवीदान समारंभात बसता आले नाही. इ.स. १८७४ मध्ये रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया हिला तिच्या अनुपस्थितीत पदवी देण्यात आली. इ.स. १८९५ मध्ये इंग्लंडची ग्रेस चिझम हिने नियमित परीक्षा देऊन डॉक्टरेट मिळवली. इ.स. १९१५ मध्ये क्लाइन व हिल्बर्ट ह्यांच्या निमंत्रणावरून एमी नोएटर येथे आली. स्त्री असल्यामुळे तिला अध्यापनाचा अधिकार नाकारण्यात आला, म्हणून काही वर्षे तिची व्याख्याने हिल्बर्टच्या नावाने जाहीर होत. हा अधिकार तिला इ.स. १९१९ मध्ये मिळाला. भौतिकशास्त्रातील सममिती व अक्षय्यतेचे नियम ह्यांचा संबंध दाखवणारा तिचा सिद्धांत इ.स. १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधुनिक बीजगणिताची उभारणी हे तिचे दुसरे मोठे कार्य होय.

नाझी राजवट

७ एप्रिल १९३३ रोजी नाझी सरकारने ज्यू वंशाच्या व विरोधी मतांच्या सरकारी नोकरांना काढून टाकण्याचा कायदा केला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना त्यातून सूट होती. जेम्स फ्रांक ह्यांना ही सूट लागू होती, तरीही त्यांनी १७ एप्रिल रोजी जाहीरपणे राजीनामा दिला. ह्या वेळी मात्र इ.स. १८३७ सारखा निषेध झाला नाही. उलट ४२ अध्यापकांनी फ्रांक ह्यांच्या राजीनाम्याचाच धिक्कार करणारे निवेदन प्रसिद्ध केले. २५ एप्रिल रोजी आलेल्या तारेने बोर्न, एमी नोएटर आणि गणित संस्थेचे संचालक रिखार्ड कुरांट ह्यांच्यासह सहा प्राध्यापकांना कामावरून दूर करण्यात आले. १० मे रोजी विद्यार्थ्यांनी आजच्या अल्बानी चौकात पुस्तकांची होळी केली. नोव्हेंबर महिन्यात गणितज्ञ एडमुंड लांडाउ ह्यांच्या वर्गावर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला आणि त्यांना अध्यापन सोडावे लागले. हिल्बर्टची जागा चालवणारे हेर्मान वाइल हेही त्याच वर्षी अमेरिकेला गेले.

ह्या एका वर्षात ग्योटिंगनची गणितपरंपरा खंडित झाली. एमी नोएटर हिला अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयात आश्रय मिळाला, परंतु इ.स. १९३५ मध्ये तिचे निधन झाले. कुरांट न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी उभारलेली गणित संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. बोर्न आधी केंब्रिजला गेले. त्यानंतर सी. व्ही. रामन ह्यांच्या निमंत्रणावरून काही महिने त्यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत काम केले आणि शेवटी ते एडिनबरा येथे स्थिरावले.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री शहरातील ज्यू प्रार्थनामंदिर जाळण्यात आले. मागे उरलेल्या ज्यू रहिवाशांना इ.स. १९४२ मध्ये छळछावण्यांकडे पाठवण्यात आले.

युद्धोत्तर काळ

दुसऱ्या महायुद्धात इतर अनेक जर्मन शहरांच्या तुलनेने ग्योटिंगनची हानी कमी झाली. ८ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्य शहरात शिरले. पुढे शहर ब्रिटिश विभागात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठ पुन्हा सुरू झाले. शहराच्या दक्षिणेस असलेल्या फ्रीडलांड येथे इ.स. १९४५ मध्ये निर्वासितांसाठी छावणी उघडण्यात आली. विस्थापित जर्मन, परतणारे युद्धकैदी आणि पुढील काळातील इतर देशांचे निर्वासित असे चाळीस लाखांहून अधिक लोक ह्या छावणीतून गेले आहेत.

वृद्ध माक्स प्लांक ह्यांनी आपली अखेरची वर्षे ग्योटिंगनमध्ये काढली आणि इ.स. १९४७ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. जर्मनीतील मूलभूत संशोधनाची प्रमुख संघटना असलेली माक्स प्लांक सोसायटी २६ फेब्रुवारी १९४८ रोजी ह्याच शहरात स्थापन झाली. ओटो हान तिचे पहिले अध्यक्ष होते. १२ एप्रिल १९५७ रोजी हान, बोर्न, हायझेनबर्ग, माक्स फोन लाउए ह्यांच्यासह अठरा अणुशास्त्रज्ञांनी पश्चिम जर्मनीच्या सैन्याला अण्वस्त्रे देण्यास विरोध करणारे जाहीर निवेदन काढले. अशा शस्त्रांच्या निर्मितीत आपण भाग घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. इ.स. १८३७ च्या सप्तकाची आठवण ठेवून त्यांना ‘ग्योटिंगनचे अठरा’ असे म्हटले जाते.

इ.स. १९५३ मध्ये शहराच्या पहिल्या लिखित उल्लेखास हजार वर्षे झाली. त्या निमित्ताने नगराने बोर्न, फ्रांक आणि कुरांट ह्यांना मानद नागरिकत्व देऊन वीस वर्षांपूर्वीच्या अन्यायाची अंशतः भरपाई केली. फ्रांक अमेरिकेतच राहिले. इ.स. १९६४ मध्ये ग्योटिंगनच्या भेटीवर आलेले असताना त्यांचा येथे मृत्यू झाला.

महाराष्ट्राशी संबंध

ग्योटिंगनमध्ये संस्कृत अध्ययनाची परंपरा एवाल्ड ह्याच्या काळापासून आहे. थेओडोर बेन्फाय ह्याने इ.स. १८५९ मध्ये पंचतंत्राचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला आणि भारतीय कथा पश्चिमेकडे कशा पोहोचल्या ह्याचे विवेचन त्यात केले. त्याचा विद्यार्थी फ्रान्ट्स कीलहॉर्न इ.स. १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला. पुण्यातील शास्त्र्यांकडे पारंपरिक पद्धतीने व्याकरण शिकून त्याने नागोजीभट्टाचा परिभाषेन्दुशेखर आणि पतंजलीचे व्याकरण महाभाष्य ह्यांच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. महाभाष्याची त्याची आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. डॉ. ब्यूलर ह्यांच्या समवेत त्याने मुंबई संस्कृत ग्रंथमालेचे संपादनही केले. पुण्याहून परतल्यावर तो ग्योटिंगन येथे प्राध्यापक झाला आणि इ.स. १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला.

डेक्कन कॉलेजातील त्याच्या जागेवर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांची नेमणूक झाली. त्यांच्या संशोधनाचा गौरव म्हणून ग्योटिंगन विद्यापीठाने इ.स. १८८५ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पुण्यातील शास्त्रीपरंपरा आणि जर्मन ग्रंथसंपादनाची शिस्त ह्यांच्या देवाणघेवाणीचे हे एक ठळक उदाहरण होय.

अर्थव्यवस्था व वाहतूक

विद्यापीठ, त्याचे रुग्णालय व संशोधन संस्था हे शहरातील रोजगाराचे मोठे साधन आहे. वीस हजारांहून अधिक विद्यार्थी येथे शिकतात. विज्ञानाच्या गरजेतून अचूक मोजमापाची उपकरणे बनवणारे उद्योग शहरात वाढले. त्यांपैकी इ.स. १८७० मध्ये स्थापन झालेली सार्टोरियस ही कंपनी आरंभी प्रयोगशाळेतील तराजूंसाठी प्रसिद्ध होती. रेल्वे इ.स. १८५४ मध्ये शहरात आली. आज हानोफर ते व्युर्त्सबुर्ग ह्या अतिजलद लोहमार्गावरील ग्योटिंगन हे महत्त्वाचे स्थानक आहे.

संस्कृती

इ.स. १९२० मध्ये कलेतिहासकार ओस्कार हागेन ह्याने हेंडेलच्या ‘रोडेलिंडा’ ह्या विस्मृतीत गेलेल्या संगीतिकेचा प्रयोग येथे केला. त्यातून आजही दरवर्षी भरणारा हेंडेल महोत्सव सुरू झाला. डॉइचेस थिएटर हे शहरातील मुख्य नाट्यगृह इ.स. १८९० मध्ये बांधले गेले. फ्रेंच गायिका बार्बारा हिने इ.स. १९६४ मधील येथील मुक्कामानंतर ग्योटिंगनवर रचलेले गीत फ्रान्स व जर्मनी ह्यांच्या समेटाचे प्रतीक मानले जाते. ज्यू असल्यामुळे बालपणी तिला नाझींपासून लपून राहावे लागले होते, हे लक्षात घेता त्या गीताचे महत्त्व अधिक जाणवते.

प्रेक्षणीय स्थळे

जुने नगरभवन व गेन्झलीझल: बाजारचौकातील गॉथिक शैलीच्या नगरभवनाचे बांधकाम तेराव्या शतकात सुरू झाले. इ.स. १९७८ पर्यंत नगराचा कारभार येथून चाले. त्याच्यासमोर इ.स. १९०१ मध्ये उभारलेले कारंजे असून त्यावर हंस घेऊन उभ्या असलेल्या मुलीचा, म्हणजे गेन्झलीझलचा, लहानसा पुतळा आहे. डॉक्टरेट मिळवलेल्या विद्यार्थ्याने कारंज्यावर चढून तिला फुले वाहावीत व तिचे चुंबन घ्यावे अशी प्रथा आहे. इ.स. १९२६ मध्ये ह्या प्रथेवर बंदी घालण्यात आली, परंतु ती कोणी पाळली नाही. मूळ पुतळा नगरसंग्रहालयात असून चौकात त्याची प्रतिकृती आहे.

चर्च: सेंट याकोबी चर्चचा ७२ मीटर उंचीचा मनोरा शहरात दुरूनही दिसतो. तेथील इ.स. १४०२ ची चित्रित वेदी उत्तर जर्मन मध्ययुगीन कलेचा उत्तम नमुना आहे. सेंट योहानिस चर्च त्याच्या दोन मनोऱ्यांसाठी ओळखले जाते. पूर्वी पहारेकऱ्याचे निवासस्थान असलेल्या मनोऱ्यावरील खोल्यांत अनेक वर्षे विद्यार्थी राहत असत.

पाउलिनर चर्च: चौदाव्या शतकातील हे मठाचे चर्च विद्यापीठाचे पहिले घर होय. पुढे ते ग्रंथालय झाले आणि आज त्याचा ऐतिहासिक दालन म्हणून उपयोग होतो. ग्रंथालयाच्या संग्रहात चर्मपत्रावर छापलेली गुटेनबर्ग बायबलची संपूर्ण प्रत आहे. युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत तिचा समावेश झाला आहे.

विल्हेल्म चौक: येथील सभागृहाची इमारत विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त इ.स. १८३७ मध्ये पूर्ण झाली. बेशिस्त विद्यार्थ्यांना डांबण्याची जुनी कोठडी ह्याच इमारतीत असून तिच्या भिंतींवर विद्यार्थ्यांनी काढलेली चित्रे व नावे पाहावयास मिळतात.

तटावरील पायवाट: जुन्या तटाच्या बांधावरून झाडांच्या सावलीतून जाणाऱ्या वाटेने शहराच्या जुन्या भागाला सुमारे तासाभरात फेरी मारता येते. वाटेत तटाच्या बुरुजाचे लहानसे घर लागते. पुढे जर्मनीचा चान्सलर झालेला ओटो फोन बिस्मार्क इ.स. १८३३ मध्ये विद्यार्थिदशेत तेथे राहत होता.

स्मारके: इ.स. १८९९ मध्ये उभारलेल्या शिल्पात गाउस व वेबर तारायंत्राविषयी बोलताना दाखवले आहेत. रेल्वे स्थानकासमोर हानोफरमधील राजा एर्न्स्ट आउगुस्टच्या अश्वारूढ पुतळ्याच्या चौथऱ्याची प्रतिकृती आहे. तिच्यावर घोडाही नाही व राजाही नाही. त्या चौथऱ्यावर सात प्राध्यापकांची नावे कोरलेली आहेत. जाळलेल्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या जागी इ.स. १९७३ पासून शिल्पकार कोराडो काल्यी ह्याने रचलेले स्मारक आहे.

वेधशाळा व फोरुम विसेन: गाउस राहत असे ती वेधशाळा शहराच्या दक्षिण भागात आहे. इ.स. २०२२ मध्ये सुरू झालेले ‘फोरुम विसेन’ हे विद्यापीठाचे संग्रहालय असून ज्ञान कसे निर्माण होते हा त्याचा विषय आहे.

नगर स्मशानभूमी: शहराच्या पश्चिमेकडील ह्या वृक्षाच्छादित स्मशानभूमीत आठ नोबेल पारितोषिक विजेत्यांच्या समाध्या आहेत. त्यांत माक्स प्लांक, ओटो हान, माक्स फोन लाउए, वाल्टर नेर्न्स्ट आणि माक्स बोर्न ह्यांचा समावेश होतो. हिल्बर्टची समाधीही येथेच आहे. प्लांकच्या समाधीवर त्याच्या नावाने ओळखला जाणारा स्थिरांक कोरलेला आहे. शहरातून घालवले गेलेले बोर्न निवृत्तीनंतर जर्मनीत परतले होते आणि इ.स. १९७० मध्ये त्यांना येथे पुरण्यात आले. इ.स. १९२५ मध्ये ग्योटिंगन येथे सिद्ध झालेले पुंज यांत्रिकीचे मूलभूत समीकरण त्यांच्या समाधीच्या दगडावर कोरलेले आहे.